तुमचे प्रश्न : मैत्रिणीसाठी हाताने केलेलं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की मित्रमैत्रिणींना स्वतः शिवून, विणून काय देता आणि कुठे अडता. खूप पत्रं आली. टाके कसे घालायचे हे फार कमी जणींनी विचारलंय, बहुतेकींची अडचण आहे ती देण्याघेण्याची, कोणाला काय द्यावं, मागितलं तर काय म्हणावं, दिलेलं वापरलं नाही तर काय करावं. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत.

ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचं पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. बाळासाठी क्रोशाचं ब्लँकेट आणि एक छोटा हत्ती करायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो लोकर घ्या, आई म्हणते बाळाला सुतीच हवं. आणि हत्तीला काळ्या मण्यांचे डोळे लावले तर चालतील ना? – कोल्हापूर

आईचं ऐक. दुकानात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रेलिक असते, दिसायला मऊ आणि रंग छान, पण घाम शोषत नाही, आणि आपल्याकडची बाळं दुपट्यात गुंडाळलेली असतात त्यामुळे त्यांना घामोळं यायला वेळ लागत नाही. काय धागा आहे याची शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघ. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते, अ‍ॅक्रेलिक वितळून त्याची कडक गोळी बनते.

पण अख्खं ब्लँकेट सुती धाग्याचं विणलंस तर ते जड होतं आणि पावसाळ्यात कोल्हापूरला ते वाळणार कधी, त्या घरात रोज दहा दुपटी वाळत घालायची असणार. म्हणून माझं मत असं की मलमलचं दुहेरी दुपटं शीव, ३६ बाय ३६ इंच, आणि कडेला क्रोशाची लेस विण. महिन्याभरात आरामात होईल. कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच काप, नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड आटतं आणि लेसला झोळ येतो. दोन्ही थर उलटे ठेवून शिवायचे, सरळ करायचे, मग कडेने पाव इंचावर काजाचा टाका घालत जायचा आणि त्या टाक्यांमधून सुई घालून मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्यांची, एक ओळ, तिच्यावर तुला आवडेल ती नक्षी. फक्त जाळीची मोठी भोकं ठेवू नकोस, बाळाची बोटं अडकतात.

मणी नकोत. बटण नको, बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे डोळेही नकोत, पॅकेटवर सेफ्टी लिहिलेलं असलं तरी. तीन वर्षांच्या आतलं मूल सगळं तोंडात घालतं. डोळे काळ्या दोऱ्याने भर, तेवढेच गोड दिसतात. हत्ती विणताना धाग्याला जेवढी सुई सांगितली असेल त्यापेक्षा एक नंबर बारीक घे म्हणजे वीण घट्ट येते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही. मोजे करणार असशील तर आतून लोंबते धागे राहू देऊ नकोस, बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो आणि ते लवकर कोणाच्या लक्षातही येत नाही. टोपड्याला लांब नाड्या नकोत. आणि मैत्रिणीला हे आवर्जून सांग की पहिलं वर्षभर बाळ झोपलेलं असताना पाळण्यात हत्ती किंवा सुटं पांघरूण ठेवायचं नाही, दुपटं मांडीवर घेताना, बाहेर नेताना वापरायचं. हे सांगायला संकोच वाटतो खरा, पण भेटीसोबत हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रोशाचा मोठा टेबलक्लॉथ दिला. पांढरा, बारीक धाग्याचा, कितीतरी महिने विणत होते. परवा तिच्याकडे गेले तर टेबलावर रेक्झिन आणि माझा टेबलक्लॉथ कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. काही बोलले नाही पण फार लागलं. पुन्हा कोणाला काही द्यावंसं वाटत नाही. – सांगली

तुम्हाला लागणारच. महिनोन्महिने रोज रात्री मान मोडून केलेलं काम आहे ते.

पण जरा तिच्या बाजूने बघा. आपल्या आया-आज्ज्यांच्या घरी चांगली वस्तू ठेवणीतच असायची, रुखवतातले क्रोशाचे रुमाल, थालपोस, तोरणं पाहुणे आले की बाहेर निघायची आणि पाहुणे गेले की पुन्हा ट्रंकेत. तुमच्या मैत्रिणीनेही प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय म्हणजे जपूनच ठेवलाय, आणि मला खात्रीने वाटतं की तिला भीती आहे ती आमटीची. पांढऱ्या क्रोशावर हळदीचा डाग पडला तर मैत्रिणीला काय तोंड दाखवू, ही भीती.

तेव्हा तिला वापरायची परवानगी द्या, अगदी स्पष्ट शब्दांत. म्हणा, अगं खराब झाला तर होऊ दे, मला टेबलावर बघायचाय. आणि डाग कसा काढायचा तेही सांगा. हळद लागली की साबणाने धुवायचं, तेव्हा डाग एकदम लाल होतो आणि बायका घाबरतात, पण तो साबणातल्या क्षारामुळे होतो. नीट खळबळून ओलाच कडक उन्हात घालायचा, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन उन्हं दाखवली की डाग फिका होत जातो. प्लॅस्टिकमधून मात्र आजच काढायला सांगा, दमट हवेत सुती धागा आत पिवळा पडतो आणि बुरशीचे ठिपके येतात. जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवावा, आणि अधूनमधून घडी बदलावी.

आता समजा तिला तो आवडलाच नसेल, तिच्या घरात तो बसत नसेल, असंही असू शकतं. ते तिचं म्हणणं मान्य करावं लागतं. पुढच्या वेळी विणायला बसायच्या आधी विचारा, टेबल केवढं, रंग कोणता, इस्त्री करायला वेळ असतो का. सरप्राइज थोडं कमी होईल पण वस्तू वापरात राहील. हाताने केलेली भेट घेणाऱ्याच्या घरासाठी करायची असते, आपल्या हौसेचा नंबर त्याच्या नंतरचा, असं मला मनापासून वाटतं. आणि द्यायचं थांबवू नका हो.

आम्ही पाच मैत्रिणी मिळून सहावीसाठी क्रोशाच्या चौकोनांची गोधडी करतोय, ती मुलाकडे कॅनडाला कायमची चालली आहे. प्रत्येकीने दोन-दोन चौकोन विणले आणि एकत्र ठेवले तर एकीचा साडेपाच इंच, दुसरीचा सात! सगळ्यांनी सहा इंचाचाच करायचा ठरलं होतं. शिवाय एकीला क्रोशा अजिबात येत नाही, तिला वाईट वाटतंय. – नाशिक

किती सुंदर कल्पना आहे! आणि मापाचा हा घोळ सगळ्या ग्रुपमध्ये होतो, कारण प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कोणी धागा ओढून विणतं, कोणी सैल सोडतं. चेन्नईत २०१६ साली देशभरातल्या बायकांनी विणलेले चौकोन जोडून जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं, गिनीजमध्ये नोंद झाली त्याची, तिथेही हजारो हातांचे तुकडे एका मापात आणायचे होते. तुम्ही तर पाचच जणी.

पहिलं म्हणजे सगळ्यांची लोकर एकाच कंपनीची, एकाच जाडीची हवी आणि खरेदी एकदम एकीनेच करायची, कारण लेबलवर शेड नंबरसोबत लॉट नंबर असतो, लॉट बदलला की तोच रंग जरा वेगळा दिसतो आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर तो फरक डोळ्यात खुपतो. दुसरं, सुईचा नंबर सगळ्यांचा सारखा असायची गरज नाही, माप सारखं यायला हवं. साडेपाच इंचवालीने अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्यावी, सातवालीने बारीक. पाव इंचापर्यंतचा फरक राहिला तर राहू दे. शेवटची एक फेरी सगळ्या चौकोनांना एकाच रंगात आणि एकाच बाईने घालायची, जिथे कमी तिथे जरा सैल, जिथे जास्त तिथे आवळून, आणि मग चौकोन ओला करून जाड टॉवेलवर सहा इंचाच्या चौकटीत टाचण्या लावून वाळू द्यायचा. अ‍ॅक्रेलिकला इस्त्री टेकवू नका, वितळून चकचकीत डाग पडतो तो कायमचा.

किती चौकोन लागतील? मांडीवर घ्यायला, सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पांघरायला ४२ बाय ५४ इंच पुष्कळ झालं, म्हणजे सात गुणिले नऊ, ६३ चौकोन. विणणाऱ्या चारच असाल तर प्रत्येकीला सोळा-एक येतील. सिंगल बेडचं ६० बाय ९० करायचं म्हटलं तर १५० लागतात, तिकीट काढलेलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. लोकर किती घ्यायची तर एक पूर्ण चौकोन किचनच्या छोट्या काट्यावर तोला, ६३ ने गुणा आणि जोडायला व कडेला म्हणून वर पाचवा हिस्सा धरा. कॅनडात घरं आतून गरम असतात आणि कपडे मशीनमध्ये धुवून ड्रायरमध्ये वाळवतात, त्यामुळे तिथे अ‍ॅक्रेलिकच बरं, साधी शुद्ध लोकर मशीनमध्ये आटून नमद्यासारखी होते. ड्रायर कमी तापमानावर लावायचा ही सूचना एका कापडी पट्टीवर लिहून मागे शिवून टाका.

जिला क्रोशा येत नाही तिच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काम द्या, शेवटची टोकं लपवायचं. रंगीत चौकोनाला सहा-आठ टोकं सहज असतात, ६३ चौकोनांची चारशेच्या वर झाली. बोथट टोकाच्या सुईने प्रत्येक टोक एकदा एका दिशेला आणि मग उलट दिशेला टाक्यांतून फिरवायचं, नुसतं एका बाजूला खोचलं की धुण्यात निसटतं आणि चौकोन उसवायला लागतो. विणणाऱ्यांनी तिच्यासाठी टोक किमान सहा इंच तरी सोडा! ही गोधडी दहा वर्षं टिकली तर ती तिच्यामुळे टिकेल, आणि हे तिला आत्ताच सांगा.

मी क्रोशाच्या पर्स करते. ऑफिसमधल्या मैत्रिणी "मला पण एक करून दे ना गं" म्हणतात. धाग्याचे पैसे मी कसे मागू? नाही म्हटलं तर राग येतो. नोकरी, मुलगी, स्वयंपाक सांभाळून रात्री अकरानंतर विणते. – पुणे

विचारणाऱ्यांना खरंच अंदाज नसतो. तुळशीबागेत पर्स दोन-तीनशेला लटकलेली दिसते, मग त्यांना वाटतं हिला काय, टीव्ही बघता बघता होऊन जाईल. तेव्हा पहिल्यांदा वेळ सांगून टाक, "एका पर्सला माझ्या आठ-दहा रात्री जातात." तुझा जो खरा आकडा असेल तो सांग, तक्रारीच्या सुरात नको, नुसती माहिती म्हणून.

मग तुझ्या मनाशी दोन याद्या कर. काही मैत्रिणी अशा असतात की त्यांच्यासाठी आपण न मागताही करतो, त्यांच्याकडून धाग्याचा रुपयाही घ्यायचा नाही, आणि त्यांना त्यांच्या वाढदिवसालाच द्यायचं. बाकीच्यांना म्हण, "करून देते, पण दोरा तू आण, कोणता आणायचा ते मी व्हॉट्सअ‍ॅप करते, आणि दिवाळीनंतर मिळेल." जिला खरंच हवी असते ती आणते. ज्या आणत नाहीत त्यांचा विषय तिथेच संपतो आणि तुला नाही म्हणावंही लागत नाही. आणखी एक, लंच टाइममध्ये अर्धा तास शिकवायची तयारी दाखव. दोघी-तिघी शिकल्या तर तुला विणायला सोबत मिळेल, आणि साखळी आणि खांब करताना बोटं कशी दुखतात हे ज्यांना कळतं त्या पुन्हा फुकट मागत नाहीत.

मैत्रिणीकडून पैसे घ्यायचेच असतील तर सगळ्यांकडून सारखे घे. एकीला कमी, दुसरीला जास्त असं झालं की ते ऑफिसभर होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून खणाचे २५ बटवे शिवायचेत. कापड किती लागेल? लाल खण धुतल्यावर रंग सोडतो, मिठाच्या पाण्यात भिजवू का? – सातारा

मिठाने रंग पक्का होत नाही, ते राहू द्या. गार पाण्यात वेगळा भिजवा, पाणी बदलत राहा, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्यावर रंग आला तर पुन्हा भिजवा. तरीही येतच राहिला तर अस्तर पांढरं घेऊ नका, मरून किंवा काळं घ्या, आणि देताना सांगा की धुवायचं झालं तर वेगळं धुवा.

कापडाचं म्हणाल तर एका बटव्याला साडेआठ बाय १८ इंचाचा तुकडा, मधोमध दुमडायचा. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात आडवे चार बसतात, सात ओळी लागतात, म्हणजे साडेतीन मीटर खण आणि तेवढंच अस्तर, आटणं त्यात धरलंय, तीन तुकडे जास्तीचे मिळतील. पन्हा कमी असेल तर आडवे तीनच बसतील, मग नऊ ओळी म्हणजे साडेचार मीटर तरी लागेल, दुकानात आधी पन्हा विचारून घ्या. नाडीसाठी वरून दोन इंचावर इंचभराची वाट सोडा, २४-२४ इंचाच्या दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवा म्हणजे बटवा दोन्हीकडून ओढून बंद होतो. आधी सगळे कापा, मग सगळ्यांची एक टीप, मग सगळ्यांची दुसरी. एकेक बटवा पूर्ण करत बसलात तर संक्रांत येऊन जाईल.

माझ्या मैत्रिणीची आई गेल्या वर्षी गेली. तिने आईच्या चार साड्या माझ्याकडे आणून दिल्या आणि म्हणाली, "तुला शिवता येतं, काहीतरी कर." दोन वापरातल्या कॉटनच्या, एक इरकल, एक जुनी सिल्क, घडीवर विरलेली. मला कात्री लावायचा धीर होत नाही. – लातूर

तुमचा हात थांबला ते बरोबरच झालं. "काहीतरी कर" एवढ्यावर कात्री लावू नका. तिच्याकडे जा, साड्या समोर ठेवा आणि एकेक विचारा, ही नेसणार आहेस का, ही अंगावर घ्यायला हवी का, ही नुसती जवळ असावी असं वाटतं का. आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही ती आधी विचारा, साड्या धुऊ का? आईचा वास त्यात असतो. एक साडी तरी तिला न धुतलेली, अख्खी परत द्या, मला वाटतं इरकल.

दोन कॉटनच्या साड्यांची गोधडी करा, आणि ती कात्री न लावता करता येते. साडेपाच मीटरची साडी लांबीत तीन पदरी दुमडली की साधारण ७२ बाय ४५ इंच होते. दोन्ही तशा दुमडून एकावर एक ठेवल्या की सहा थर झाले, एका माणसाला पांघरायला पुरते. वरचा थर असा दुमडा की पदर वर येईल. जमिनीवर सतरंजी घालून त्यावर पसरा, हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढत जा आणि मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा घाला, मग कडेपासून सुरू करून आत येत येत धावदोरा, ओळींमध्ये इंचभर अंतर. मशीनवर घालू नका. जुनं मऊ सूत मशीनच्या टिपेने कापलं जातं आणि सहा थर खाली सरकतात. शेवटी कच्चा दोरा काढून टाकायचा. कधी मैत्रिणीला परत नेसावंसं वाटलं, लेकीला हवी झाली, तर दोरे उसवून साड्या पुन्हा साड्या होतात, हे तिला सांगा, तिला बरं वाटेल.

विरलेली सिल्क गोधडीत घेऊ नका, धुण्यात फाटेल आणि रंगही सोडेल. घडीच्या मधला जो भाग शाबूत आहे तो मलमलच्या कापडावर सैल हातटाक्यांनी बसवा, मग त्याची उशी किंवा दागिन्यांची पिशवी होईल. जरीवर इस्त्री करायची तर वर सुती कापड ठेवून, आणि जरीला नॅप्थलीनची गोळी लावू नका, ती काळी पडते.

जमलं तर तिला बोलवा. गोधड्या पूर्वी दुपारी चौघी-पाचजणी बसूनच घातल्या जायच्या, आणि धावदोरा तर कोणालाही घालता येतो. तिचे टाके वाकडेतिकडे आले तरी उसवून नीट करायला जाऊ नका.

मी ६४ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालेलो. मॉर्निंग वॉकच्या मित्रांना थंडीत कानटोप्या विणून द्यायची इच्छा आहे. घरचे हसतात. क्रोशा शिकू का दोन सुयांचं? – नागपूर

क्रोशा शिका काका, एकच सुई असते आणि चुकलं तर पटकन उसवता येतं. हसण्याकडे लक्ष देऊ नका, येवल्याला पैठणीच्या मागावर आणि गावोगावी शिंप्याच्या मशीनवर पुरुष बसतातच की.

फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घ्या, काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत म्हणून ती नंतर. आधी आठवडाभर नुसत्या साखळ्या आणि खांबांच्या (उंच टाक्यांच्या) सरळ पट्ट्या. टोपीसाठी वरून गोल सुरू करायचं, पहिल्या फेरीत १२ खांब, पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढवत जायचं. मित्राच्या डोक्याचा घेर टेपने मोजा, त्यातून तीन-चार सेंटिमीटर वजा करा आणि ३.१४ ने भागा. ५६ चा घेर असेल तर साधारण १७ येतं, म्हणजे गोल १७ सेंटिमीटर रुंद झाला की वाढवणं बंद, तिथून सरळ खाली विणत कानाच्या पाळीपर्यंत. लोकर टोचरी नाही ना हे गळ्याला लावून बघा, हाताला कळत नाही. दसऱ्याला पहिली टोपी सुरू केलीत तर डिसेंबरच्या थंडीपर्यंत चार-पाच मित्रांच्या होतील.